पाण्यावरचे बिनतारी घर

२६ मार्च १९३०. इटलीतील जिनोआ बंदरात एक पांढरेशुभ्र जहाज उभे होते. जहाजाच्या बिनतारी खोलीतून एका गृहस्थाने कळ दाबली आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या टाउन हॉलमधले दिवे लागले. हे गृहस्थ म्हणजे गुल्येल्मो मार्कोनी. आणि ते जहाज, ‘एलेत्रा’, हीच त्यांची प्रयोगशाळा होती, कचेरी होती आणि घरही होते.

आज मोटारीतच संसार थाटून भटकणारी माणसे टपावर अँटेना आणि आत वाय-फायचा डबा बसवतात. घर चालते असावे, पण जगाशी बोलणे तुटू नये, ही ती हौस. ती हौस मार्कोनींनी शंभर वर्षांपूर्वी पाण्यावर पुरवून घेतली. मात्र त्यापायी जे जमिनीवर राहिले, त्याचाही हिशेब मांडायला हवा.

मार्कोनींचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्यात झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयर्लंडमधील व्हिस्की बनवणाऱ्या जेमसन घराण्यातली. शाळा-कॉलेजात या मुलाने काही दिवे लावले नाहीत. पण हर्ट्झ यांच्या विद्युतलहरींविषयी वाचून त्याच्या डोक्यात एकच ध्यास शिरला आणि पोंतेक्यो गावच्या घरातील माळ्यावर त्याने आपले सामान मांडले. १८९५ साली थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहकयंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला. संदेश पोचल्याची खूण म्हणून त्याने बंदुकीचा बार काढला. टेकडी आडवी असूनही लहरी पलीकडे गेल्या होत्या. बिनतारी युगाचा आरंभ असा घरातल्या घरात, दोन भावांच्या साक्षीने झाला.

पुढचा प्रवास वेगाने घडला. १८९६ मध्ये आई मुलाला घेऊन इंग्लंडला गेली. तेथे पेटंटचा अर्ज झाला आणि १८९७ मध्ये कंपनी उभी राहिली. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्धूहून सुटलेली तीन टिंबे न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाने वर चढवलेल्या तारेवर ऐकू आल्याचे मार्कोनींनी जाहीर केले. त्या वेळी वापरलेल्या ग्राहकाचे मूळ आपल्या जगदीशचंद्र बोस यांच्या संशोधनात असल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. श्रेयाच्या वाटणीत कलकत्त्याचे नाव मात्र फार उशिरा आले. १९०९ चे नोबेल मार्कोनींना जर्मनीच्या ब्राउन यांच्यासमवेत मिळाले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा सातशेवर माणसे वाचली, ती बिनतारी हाकेमुळेच. त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनींचा उजवा डोळा गेला.

जहाजाचा नाद त्यांना फार आधी लागला होता. १९०२ साली ‘फिलाडेल्फिया’ या बोटीवर प्रवास करताना त्यांना आढळले की, दिवसा हजार-अकराशे किलोमीटरवर विरून जाणारे संदेश रात्री कितीतरी दूर पोचतात. प्रयोगशाळा जागेवर राहिली तर अंतर मोजणार कसे? जहाज स्वतःच दूर जात राहते. शिवाय त्याच्या डोलकाठ्यांवर तार ताणता येते आणि पोलादी तळाला खारे पाणी भिडलेले असल्याने भूसंबंध आपोआप जुळतो. म्हणून १९१९ मध्ये त्यांनी एक बोट विकत घेतली. १९०४ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली ही बोट आधी ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची होती आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने वापरली होती. तिचे नाव झाले ‘एलेत्रा’. एकीकडे दिवाणखाना आणि शयनकक्ष, दुसरीकडे यंत्रांनी भरलेली बिनतारी खोली. दूर किनाऱ्यावरून हवेतून आलेल्या संगीतावर डेकवर पाहुणे नाचत.

१९२३ मध्ये ही बोट आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे बेटांपर्यंत गेली आणि पोल्धूहून सोडलेल्या ९७ मीटर लांबीच्या लहरी ऐकत राहिली. तोवर दूरच्या संदेशांसाठी किलोमीटरगणिक लांबीच्या लहरी, अवाढव्य मनोरे आणि प्रचंड वीज लागत असे. हौशी मंडळींनी लघुलहरींची चुणूक आधीच दाखवली होती. मार्कोनी आणि त्यांचे अभियंता फ्रँकलिन यांनी त्या लहरींना दिशा देऊन झोत बनवला. थोड्या विजेत, थोड्या खर्चात संदेश खंडे ओलांडू लागले. या प्रयोगांचे फळ आपल्या दारातही आले. १९२७ मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात झोत-पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली, ती पुण्याजवळच्या खडकीहून प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण अशी. अर्थात ती साम्राज्याची सोय होती. आपल्या माणसांची नव्हे.

आणि घर? १९०५ मध्ये त्यांनी बिअट्रिस ओब्रायन यांच्याशी लग्न केले होते. बायको-मुले जहाजावर राहूनही गेली. पण जहाज घेतल्याने संसार सावरला नाही. १९२४ मध्ये घटस्फोट झाला. १९२७ मध्ये मारिया क्रिस्तिना यांच्याशी दुसरा विवाह झाला आणि १९३० मध्ये जन्मलेल्या मुलीला जहाजाचेच नाव मिळाले. जगाला जोडणाऱ्या या माणसाची निष्ठाही नको तेथे जडली. १९२३ मध्ये ते फासिस्ट पक्षात गेले आणि मुसोलिनीने त्यांना इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष केले. तेथे त्यांनी ज्यू उमेदवारांच्या नावांपुढे खुणा केल्याचे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. कीर्तीच्या झगमगाटात हा डाग झाकून चालणार नाही.

१९३४ मध्ये सेस्त्री लेव्हान्तेच्या किनाऱ्यापाशी सुकाणूघराच्या खिडक्यांवर पडदे ओढून, केवळ सूक्ष्मलहरींच्या इशाऱ्यावर त्यांनी ‘एलेत्रा’ नेमक्या वाटेने नेऊन दाखवली. धुक्यात वाट शोधणाऱ्या पुढच्या काळाची ती चाहूल होती.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने मार्कोनींचे निधन झाले. वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण झालेली. त्यांच्या सन्मानार्थ अनेक देशांतील नभोवाणी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली. जहाज पुढे जर्मनांच्या हाती पडले आणि १९४४ च्या जानेवारीत दोस्तांच्या विमानांनी ते डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर निकामी केले. १९६२ मध्ये सांगाडा इटलीला परत मिळाला. १९७७ मध्ये तो मोडून त्याचे तुकडे ठिकठिकाणी ठेवण्यात आले. त्यातला एक तुकडा पोंतेक्योच्या त्या घरापाशी आहे, जेथे टेकडीपलीकडून बंदुकीचा बार ऐकू आला होता. जन्मभर फिरत राहिलेले हे घर शेवटी मूळ घराच्या अंगणात येऊन विसावले, तेही मोडून झाल्यावर.