धूमकेतूंची ओळख पटवणारे तिसराँ

गुरूजवळून गेलेला धूमकेतू पुन्हा ओळखायचा कसा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञांना छळत होता. गुरूच्या ओढीने धूमकेतूची कक्षा पार बदलते. तिचा आकार, कल, फेरीचा काळ, काहीच पूर्वीसारखे राहत नाही. १७७० मध्ये पृथ्वीजवळून गेलेला लेक्सेलचा धूमकेतू गुरूच्याच तावडीत सापडून हरवला होता. मग नव्याने सापडलेला धूमकेतू खरेच नवा, की रूप पालटून आलेला जुनाच?

याचे उत्तर दिले फेलिक्स तिसराँ यांनी. त्यांचा जन्म १३ जानेवारी १८४५ रोजी फ्रान्समधील बरगंडी प्रांतात झाला. १८६८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १८७३ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते तुलूझ वेधशाळेचे संचालक झाले. १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी ते जपानला गेले. १८९२ मध्ये पॅरिस वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली.

१८८९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की कक्षेचा आकार, लांबटपणा आणि कल यांच्यापासून एक विशिष्ट संख्या काढता येते आणि गुरूच्या भेटीनंतरही ती जवळपास तशीच राहते. दोन धूमकेतूंची ही संख्या जुळली नाही, तर ते एकच नव्हेत. जुळली, तर पुढचे किचकट गणित करण्यात अर्थ आहे. वर्षानुवर्षांची आकडेमोड त्यामुळे वाचली.

खगोलीय यामिकीवरील त्यांच्या ग्रंथाचा चौथा आणि शेवटचा खंड १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे अकस्मात निधन झाले.

पण सूत्र जिवंत राहिले. सूर्याच्या जागी ग्रह, गुरूच्या जागी उपग्रह आणि धूमकेतूच्या जागी अवकाशयान ठेवा, गणित तेच. एका उपग्रहाजवळून कितीही वेळा गेले, तरी यानाला कोणकोणत्या कक्षा मिळू शकतील, हे या संख्येवरून आलेखावर मांडता येते. दोन उपग्रहांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे एकाकडून दुसऱ्याकडे वळण्याची वाट असते. इंधन मोजकेच असल्याने मोहिमेचे आयुष्य अशा फुकटच्या वळणांवर ठरते. कॅसिनी यानाने टायटनच्या १२७ भेटी घेत शनिभोवती तेरा वर्षे आपली कक्षा वळवली, ती याच तत्त्वावर. हरवलेल्या धूमकेतूंसाठी केलेले गणित असे यानांना वाट दाखवू लागले.