इंग्रजांना त्यांच्याच जिमखान्यावर हरवणारे नवसारीचे डॉ. पावरी

सुरतेहून मुंबईची गाडी धरली की अर्ध्या-पाऊण तासात नवसारी येतं. नवापूर-नंदुरबारकडची माणसं कापडाच्या खरेदीला सुरतेपर्यंत नेहमी जातात, नवसारीला सहसा उतरत नाहीत. भारतीय क्रिकेटचे पहिले मोठे वेगवान गोलंदाज डॉ. मेहेल्लाशा एदलजी पावरी याच गावचे. जन्म 1866 चा. सुरत तेव्हा इंग्रजांकडे होती, नवसारी मात्र बडोद्याच्या गायकवाडांकडे.

त्या काळात मुंबईत क्रिकेट म्हणजे पारशांचा खेळ. पण खेळायचं कुठे? बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाआड हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. उरलेल्या मोकळ्या मैदानावर गोऱ्या साहेबांचे पोलोचे घोडे धावायचे आणि खेळपट्टीची पार नांगरट करून टाकायचे. पोलो हलवा म्हणून क्रिकेटवाल्यांनी 1881 पासून सरकारकडे अर्ज केले. निकाल कधी इकडे, कधी तिकडे. वर्षानुवर्षं हेच चाललं.

1886 मध्ये पारशांचा पहिला संघ इंग्लंडला गेला आणि 28 पैकी एकच सामना जिंकून परतला. दोन वर्षांनी दुसरा संघ गेला, त्यात पावरी होते. या वेळी 31 सामन्यांत 8 विजय मिळाले. एकट्या पावरींनी 170 बळी घेतले, तेही बळीमागे जेमतेम 12 धावा देऊन! समोरचे संघ फार बलाढ्य नव्हते हे खरं, तरी परक्या हवेत हा आकडा लहान नाही.

मग आला जानेवारी 1890. जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ हिंदुस्थानात फिरत होता आणि कुणाला दाद देत नव्हता. पारशांशी त्यांची गाठ पडली ती बॉम्बे जिमखान्यावरच. पहिल्या डावात इंग्रज 97, पारशी 80. सतरा धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात पावरींनी 34 धावांत 7 बळी घेतले आणि अख्खा इंग्लिश संघ 61 धावांत गारद झाला. पारशांनी चार गडी राखून सामना मारला. त्या दौऱ्यात व्हर्नन यांचा हा एकमेव पराभव. ज्या कुंपणाच्या आत सभासद म्हणून पाऊल टाकता येत नव्हतं, तिथेच!

पुढे इंग्लंडमध्ये असताना 1895 साली ते मिडलसेक्सकडून एक सामना खेळले. रणजी ससेक्सकडून खेळू लागले तेही याच वर्षी. रणजींचं नाव घरोघरी झालं, पावरींचं राहून गेलं. डॉक्टर झाल्यावरही चेंडू सुटला नाही, चाळिशी उलटून गेल्यावरही ते मैदानात उतरत. 1901 मध्ये त्यांनी पारशी क्रिकेटवर पुस्तक लिहिलं.

एप्रिल 1946 मध्ये वयाच्या 79 व्या वर्षी ते गेले. त्याच उन्हाळ्यात मर्चंट, हजारे, मांकड यांचा भारतीय संघ इंग्लंडमध्ये कसोटी खेळत होता.