पाच माणसांची मंडळी



लहान मंडळ्यांचं पुढं काय होणार, यावर या पानावर नेहमी पत्रं येतात. कुणी पाळकांना बोल लावतं, कुणी तरुणांना, कुणी मोबाईलला. आमची मंडळी मेथडिस्ट, आणि लहानच. रविवारी मोजून तीस-पस्तीस डोकी, पाऊस असला की वीस. पाळकसाहेबांकडं तीन गावं, त्यामुळं महिन्यातले दोन रविवार ते आमच्यात नसतात. गुरुवारची घरोघरची प्रार्थना बंद पडून दीड वर्ष झालं. आता कमिटीत विषय निघालाय, की पाळक नसतील त्या रविवारी उपासनाच ठेवू नये, लोकांनी शहरातल्या मोठ्या चर्चला जावं. पुढच्या महिन्यात ते ठरणार. त्याआधी मला एका बाईचं चरित्र सर्वांपुढं ठेवायचं आहे. तिचं नाव बार्बरा हेक. अमेरिकेतल्या मेथडिस्ट लोकांत ती आईच्या मानाची समजली जाते. आपल्याकडं मात्र जॉन वेस्लीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, हिचं फार थोड्यांना.

बार्बराचा जन्म १७३४ चा, आयर्लंडमधल्या लिमरिक परगण्यातल्या बॅलिंग्रेन गावचा. माहेरचं आडनाव रकल. ही मंडळी मूळची जर्मन. लढाया आणि गरिबीला कंटाळून पॅलटिनेट भागातले हजारो प्रॉटेस्टंट लोक १७०९ साली घरदार सोडून निघाले, त्यातली काही कुटुंबं लिमरिकमध्ये एका जमीनदाराची कुळं म्हणून वसली. त्यांना त्यांच्या भाषेतला पाळक कितीतरी वर्षं मिळाला नाही. मग दारू, शिवीगाळ, रविवार विसरणं, सगळं आलं. पुढं मेथडिस्ट प्रचारक तिथं पोचले आणि वस्तीच पालटली. वेस्ली स्वतः तिथं अनेकदा गेला. १७५२ साली, अठराव्या वर्षी बार्बरा मेथडिस्ट समाजात आली. त्याच वर्षी तिच्या नात्यातला भाऊ फिलिप एम्बरी याचंही मन पालटलं. तो सुतारकाम करायचा आणि पुढं गावातला उपदेशकही झाला.

१७६० मध्ये बार्बराचं पॉल हेकशी लग्न झालं आणि त्याच वर्षी ही माणसं जहाजात बसून न्यूयॉर्कला गेली. जमिनीचे खंड वाढले होते, पोट भरेना. एम्बरीही बरोबर होता.

आता इथून पुढं नीट बघा, कारण हे आपल्याच घरचं वाटेल. नव्या शहरात सगळे कामाधंद्याला लागले. एम्बरी उपदेश करीनासा झाला. त्यानं विश्वास सोडला नव्हता, पण स्वभावानं भिडस्त माणूस, कुणी बोलावलं नाही म्हणून गप्प राहिला. आयर्लंडमध्ये दर आठवड्याला एकत्र बसणारी माणसं इथं एकमेकांपासून सुटली. अशी सहा वर्षं गेली.

१७६६ मध्ये काय झालं ते परंपरेनं सांगतात ते असं. बार्बरा ओळखीच्या एका घरी गेली, तर तिथं आपलीच माणसं पत्ते खेळत बसलेली. तिनं पत्ते गोळा केले आणि चुलीतल्या आगीत टाकले. आपल्या गोष्टीत आपण इथंच थांबतो, बाई फार कडक होती म्हणतो आणि सोडून देतो. पण खरं काम तिनं त्यानंतर केलं. ती तडक एम्बरीकडं गेली आणि तू बोलायला लाग, नाहीतर आमच्या नाशाचा जाब देव तुझ्याकडं मागेल, अशा अर्थाचं त्याला सुनावलं. एम्बरीनं अडचण सांगितली, की जागा नाही आणि ऐकायला माणसं नाहीत. तिनं दोन्हीचं उत्तर दिलं. जागा म्हणजे तुझं स्वतःचं घर. माणसं मी आणते.

आणि तिनं आणली. किती? चार, तिच्यासकट. ती, नवरा पॉल, त्यांच्याकडं मजुरीला असलेला जॉन लॉरेन्स आणि बेटी नावाची आफ्रिकी वंशाची मोलकरीण. एम्बरी धरून पाच. मालक, मजूर, मोलकरीण एका खोलीत बसली, गायली, वचन ऐकलं. आणि त्याच दिवशी एम्बरीनं त्यांचा एक क्लास बांधला. अमेरिकेतली अगदी पहिली मेथडिस्ट मंडळी कुठली यावर वाद आहे, कारण मेरीलंडमध्ये रॉबर्ट स्ट्रॉब्रिजचं कामही त्याच सुमाराचं. पण न्यूयॉर्कची सुरुवात ही अशी.

क्लास म्हणजे काय, हे तरुणांसाठी सांगते. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये चर्चच्या इमारतीचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या माणसानं सुचवलं, की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. बारा-बारा जणांचा गट करून एकेकाला पुढारी नेमायचं ठरलं. गरिबाची पेनी पुढाऱ्यानं भरायची. पुढारी घरोघर फिरू लागले, तेव्हा पैशाबरोबर माणसांची हालहवाल कळू लागली. कोण आजारी, कोण भांडलंय, कोण पुन्हा दारूकडं वळलंय. वेस्लीनं हे ओळखलं आणि क्लास ही मेथडिस्ट मंडळीची रोजची चालच झाली. पाळक घोड्यावरून महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मधल्या दिवसांत मंडळी क्लास सांभाळायचा.

न्यूयॉर्कला एम्बरीचं घर लवकरच अपुरं पडलं. १७६७ च्या सुरुवातीला कॅप्टन थॉमस वेब लष्करी पोशाखात, तलवारीसह सभेत येऊन बसला. लोक आधी घाबरलेच. लढाईत त्याचा एक डोळा गेलेला. पण तोही मेथडिस्ट, आणि दणदणीत उपदेश करणारा. मग जहाजांचे दोर-शिडं तयार करायचा एक माळा भाड्यानं घेतला. तोही भरला. तेव्हा बार्बरानं चर्च बांधायचा आग्रह धरला. वर्गणीच्या यादीत अडीचशेच्या आसपास नावं आली, शहरातल्या बड्या लोकांपासून गुलामगिरीतल्या माणसांपर्यंत. तिथल्या कायद्यानं अशा पंथाला चर्च बांधता येत नव्हतं, म्हणून इमारतीत चूल आणि धुराडं घातलं, म्हणजे कागदोपत्री ते राहतं घर. एम्बरीनं स्वतःच्या हातानं व्यासपीठ केलं. बार्बरानं भिंतींना चुना लावायला हात दिला असं सांगतात. ३० ऑक्टोबर १७६८ रोजी जॉन स्ट्रीटवर वेस्ली चॅपल उघडलं. पुढच्या वर्षी वेस्लीनं दोन प्रचारक पाठवले आणि बरोबर चर्चच्या कर्जासाठी पन्नास पौंड. म्हणजे पाळक आले ते मंडळी उभी राहिल्यावर, तीन वर्षांनी.

कुणी म्हणेल, न्यूयॉर्कसारख्या शहरात वाढ होणारच. म्हणून तिचं पुढचं आयुष्य सांगते. १७७० च्या सुमारास हेक आणि एम्बरी कुटुंबं शहर सोडून उत्तरेला कॅम्डन भागात शेतीला गेली. तिथंही मंडळी जमली. १७७३ मध्ये एम्बरी वारला. मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. हेक कुटुंब इंग्लंडच्या राजाच्या बाजूचं, त्यामुळं जमीन सोडून कॅनडाकडं जावं लागलं. १७८५ मध्ये ती सेंट लॉरेन्स नदीकाठी ऑगस्टा इथं स्थिरावली. जंगल तोडून शेत करायचं, शेजार लांब, पाळक नाही. बार्बरा तेव्हा पन्नाशीच्या पुढं. तिथं पुन्हा क्लास बसला आणि त्याचा पुढारी होता एम्बरीचा मुलगा सॅम्युअल. त्या भागात नेमलेला पहिला मेथडिस्ट प्रचारक, विल्यम लूसी, १७९१ च्या सुमारास आला. तोवर त्या घरांनी स्वतःच मंडळी जिवंत ठेवली. पॉलच्या मागं काही वर्षं बार्बरा मुलाकडं राहिली. १७ ऑगस्ट १८०४ रोजी ती खुर्चीत बसल्या जागी वारली, मांडीवर तिचं जर्मन पवित्र शास्त्र उघडं होतं असं सांगतात.

ती कधी व्यासपीठावर उभी राहिली नाही. तिची पुस्तकं नाहीत. तिनं आयुष्यभर एकच काम केलं. ज्याच्याजवळ देणगी आहे त्याला गप्प बसू दिलं नाही, आणि जे येतील त्यांना घरातून उठवून आणलं.

याच अमेरिकन मेथडिस्ट चर्चनं १८५६ मध्ये विल्यम बटलर यांना भारतात पाठवलं. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईला आले, तेव्हा त्यांनीही नवीन विश्वासणाऱ्यांना घरोघरच्या लहान गटांत बांधलं आणि त्यातून मुंबईची मेथडिस्ट मंडळी झाली. म्हणजे आपलं मूळ घरातल्याच खोलीत आहे, मोठ्या इमारतीत नाही.

म्हणून कमिटीला माझी विनंती. पाळक नसलेले दोन रविवार बंद करू नका. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचं वचनाचं वाचन किती सुंदर. एक भाऊ आहेत, बायबल क्लास घ्यायचे, कुणी विचारलं नाही म्हणून मागच्या बाकावर बसतात. त्यांना कुणीतरी जाऊन सांगायला हवं. पाळकसाहेबांनाही त्याचा आनंदच होईल, त्यांचा भार हलका होईल. आणि बंद पडलेली गुरुवारची प्रार्थना पुन्हा सुरू करा. पहिल्या गुरुवारी, संध्याकाळी सातला, माझ्या घरी. चहा मी करते. वर्गणी नको, फक्त येताना एका गैरहजर कुटुंबाची खबर घेऊन या.

पाच जण आले तरी पुरे.

आपली ख्रिस्तात बहीण,
मंडळीतली एक सभासद, बेळगाव