टायर वाचवणारी आयडिया डार्विनच्या आजोबांची!

अलाइनमेंट करताना पुढची चाकं सरळ आहेत का, ते बघतात. पण वळणावर ती सारखी वळत नाहीत. आतलं जास्त वळतं, नाहीतर टायर घासतील. ही युक्ती इरॅस्मस डार्विन यांची, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्सच्या आजोबांची.

१७३१ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हे डॉक्टर लिचफिल्डहून घोडागाडीने पेशंट बघायला जात. तेव्हा वळताना पुढचा अख्खा ॲक्सल फिरायचा आणि गाडी कलंडायची. १७५९च्या सुमारास त्यांनी ॲक्सल पक्का ठेवून चाकंच वेगवेगळी वळवली. पेटंट मात्र घेतलं नाही. डॉक्टरकीचं नाव खराब होईल, ही धास्ती! १७६८मध्ये गाडीतूनच पडून गुडघ्याची वाटी फुटली, ते कायमचे लंगडू लागले. १८०२मध्ये त्यांचं निधन झालं.

१८१८मध्ये म्युनिकच्या लँकेनस्पर्गरच्या अशाच रचनेचं लंडनमध्ये पेटंट घेतलं एजंट रुडॉल्फ ॲकरमन यांनी. आजही तिला ‘ॲकरमन स्टिअरिंग’ म्हणतात.