सोलापूरचे वालचंद आणि पद्मिनीचा वारसा

बोनेट उघडे टाकून रस्त्याच्या कडेला उभी असलेली फियाट हे मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यातील एकेकाळचे नित्याचे दृश्य. या गाडीमागे सोलापूरच्या एका सुपुत्राचे स्वप्न होते, याची आठवण मात्र आज थोड्यांनाच आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथील गुजराती जैन कुटुंबात झाला. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय. पण वालचंदांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही वाटचाल बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. पुढे बंगळुरात विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी उभी राहिली.

मोटारीचे स्वप्न मात्र सहजासहजी साकारले नाही. परदेशी कंपन्यांचे सहकार्य मिळवणे कठीण होते आणि ब्रिटिश सरकारही अनुकूल नव्हते. अखेर अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी यशस्वी झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यानंतर इटलीच्या फियाटशी संबंध जुळले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. ज्या गाडीने त्यांच्या कंपनीचे नाव घरोघरी नेले, तिचा बहर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ती गाडी म्हणजे फियाट ११००. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन आणि आटोपशीर बांधा यांमुळे अवजड ॲम्बॅसडरच्या तुलनेत ती चपळ वाटे. स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर बदलण्याची ऐट काही वेगळीच होती. तिचे दुखणेही ठरलेले असे. कडक उन्हात इंजिनाजवळच्या नळीतच पेट्रोलची वाफ होई, पंप निकामी ठरे आणि गाडी बंद पडे. मग चालक पंपावर ओले फडके ठेवून वाट पाही. घाटात रेडिएटर उकळे. गिअरचे सांधे झिजले की दांडा अडकून बसे. सर्वांत घातक तो गंज. गाडीला स्वतंत्र सांगाडा नसल्याने सारा भार पत्र्याच्या कायेवरच असे. पावसाळ्यांनी तळ पोखरला की तिचे बळच सरे.

मग ती भरवशाची कशी ठरली? बिघडत नसे म्हणून नव्हे, तर कोठेही दुरुस्त होई म्हणून. इंजिन साधे, सुटे भाग सर्वत्र उपलब्ध आणि तिची नस ओळखणारा मिस्त्री प्रत्येक गावात. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी तिच्यावर संसार उभे केले, ते याच बळावर.

तथापि, या वारशाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. परवाना-राज्यात स्पर्धा नव्हती. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. त्यामुळे मूळ आराखड्यातील दोष दूर करण्याची निकड कारखान्याला भासली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि ही उणीव उघडी पडली. नव्या शतकाच्या आरंभापर्यंत पद्मिनीचे उत्पादन थांबले, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही निवृत्त झाली.

वालचंदांनी आयुष्यभर एका उद्योगात स्थिरावण्याऐवजी पुढच्या उद्योगाचा ध्यास घेतला. देशात मोटार तयार होऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले; ती सतत सुधारत नेण्याचे काम पुढच्यांचे होते. सोलापूरने आपल्या या सुपुत्राचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच्या गाडीने शिकवलेला हा धडाही लक्षात ठेवावा.