मौन सुटल्यानंतरचा जॅकी

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानांवर एक विलक्षण दृश्य दिसते. मेजर लीगमध्ये त्या दिवशी खेळणारा प्रत्येक खेळाडू, मग तो गोरा असो, काळा असो, जपानी असो की क्यूबन, पाठीवर एकच आकडा घेऊन उतरतो. तो आकडा म्हणजे ४२. एरवी तो कोणत्याही खेळाडूला मिळत नाही, कारण १९९७ साली तो सगळ्या संघांतून कायमचा निवृत्त करण्यात आला. हा आकडा जॅकी रॉबिन्सनचा. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर तो पहिल्या बेसवर उभा राहिला आणि विसाव्या शतकात मोठ्या लीगमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

ही गोष्ट बहुधा एकाच तऱ्हेने सांगितली जाते. एका गुणी काळ्या खेळाडूने शिव्या खाल्ल्या, अंगावर चेंडू झेलले, तोंडातून अवाक्षर काढले नाही आणि अखेर सगळ्यांची मने जिंकली. गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. जॅकी गप्प राहिला ती वर्षे थोडी होती. बोलत राहिला ती वर्षे कितीतरी अधिक. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांमुळे मला त्याच्या चरित्राचा मागे पडलेला भागच अधिक ओढ लावतो.

त्याचा जन्म ३१ जानेवारी १९१९ चा, जॉर्जिया राज्यातील कैरो नावाच्या गावचा. घरचे लोक दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. बाप घर सोडून गेला. आई मॅली हिने १९२० साली पाच मुलांना घेऊन थेट कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गाठले आणि गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून त्यांना वाढवले. मोठा भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. रौप्यपदक घेऊन गावी परतलेल्या या भावाला गावाने कोणते काम दिले असेल? रस्ते झाडण्याचे! पदकाने पोट भरत नाही आणि मानही मिळत नाही, हा धडा जॅकीला घरातच मिळाला.

तो स्वभावाने सोशिक मुळीच नव्हता. सैन्यात सेकंड लेफ्टनंट असताना, जुलै १९४४ मध्ये, टेक्सासमधील कॅम्प हूड या छावणीत बसचालकाने त्याला मागच्या बाकावर जाण्यास सांगितले. जॅकी जागचा हलला नाही. प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत गेले, ऑगस्टमध्ये तो निर्दोष सुटला आणि वर्षअखेरीस सैन्यातून बाहेर पडला. रोझा पार्क्स यांनी माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार दिला, त्याच्या अकरा वर्षे आधीची ही हकीकत. तेव्हा मैदानावरचे त्याचे मौन हा स्वभाव नव्हता. तो विचारपूर्वक केलेला करार होता.

करार केला ब्रुकलिन डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी. २८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी जॅकीला कचेरीत बोलावले आणि तिथेच त्याला नाना प्रकारे डिवचून पाहिले. पहिली काही वर्षे कितीही अपमान झाला तरी उलट उत्तर द्यायचे नाही, ही अट होती. रिकी धार्मिक होते, त्यांना अन्यायाची चीड होती, हे खरे. पण ते व्यवहारीही होते. कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघाकडून त्यांनी जॅकीला उचलले, त्याबद्दल त्या संघाला एक डॉलरही दिला नाही. १९४७ साली जॅकीचा पगार होता पाच हजार डॉलर. त्या मोसमात डॉजर्सचे सामने पाहायला अठरा लाखांवर प्रेक्षक आले. हिशेबाची सवय असलेल्या माणसाच्या नजरेतून हे आकडे सुटत नाहीत.

त्या पहिल्या मोसमात काय काय झाले! फिलाडेल्फियाच्या संघाचा मॅनेजर बेन चॅपमन याने आपल्या बाकावरून इतकी गलिच्छ शिवीगाळ केली की डॉजर्समधील गोरे सहकारीही चिडून उठले. धमकीची पत्रे येत होती. काही गावांत हॉटेलवाले जॅकीला खोली देत नव्हते. त्याने सारे गिळले आणि खेळातून उत्तर दिले. बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू टोलवण्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे पळत सुटण्याला बेस चोरणे म्हणतात. आपल्याकडे क्षेत्ररक्षकाला गाफील गाठून चोरटी धाव काढतात, साधारण तसेच. जॅकीने त्या वर्षी असे २९ बेस चोरले आणि सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान मिळवला. १९४९ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच वर्षी मौनाची अट सुटली आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. जॅकी पंचांशी वाद घालू लागला, शिवीला उत्तर देऊ लागला, गोरे खेळाडू करीत तेच सारे करू लागला. ज्या वर्तमानपत्रांनी त्याच्या संयमाचे गोडवे गायले होते, त्यांतल्या काहींना तो आता उर्मट वाटू लागला. म्हणजे जॅकीने सोसत राहावे, एवढीच त्यांची हौस होती.

त्याच्या आवाजाचा उपयोग करून घेण्यास मात्र सरकारची ना नव्हती. जुलै १९४९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या एका चौकशी समितीने त्याला साक्षीला बोलावले. थोर गायक पॉल रोबसन यांच्या रशियाधार्जिण्या वक्तव्याचा त्याने प्रतिवाद करावा, ही अपेक्षा. जॅकीने तो केला. पण त्याच साक्षीत वर्णद्वेष हे कम्युनिस्टांनी रचलेले कुभांड नसून रोजचे सत्य आहे, हेही बजावले. वर्तमानपत्रांनी पहिला भाग ठळक छापला आणि दुसरा आखडता घेतला. पुढे आत्मचरित्रात त्याने रोबसन यांच्याविषयी वाढत गेलेला आदर मोकळेपणाने नोंदवला आहे.

पन्नाशीच्या दशकात देशभर गाजलेल्या या खेळाडूला न्यूयॉर्कच्या आसपास घर मिळेना. खरेदीदार कोण हे कळताच विकाऊ घर अचानक विकाऊ राहत नसे. अखेर कनेक्टिकटमधील स्टॅमफर्डला त्याने आणि पत्नी रेचेलने जागा मिळवून घर बांधले. पुढे १९६३ च्या जूनमध्ये याच घराच्या हिरवळीवर जॅझच्या मैफली झाल्या आणि त्यांतून जमलेला पैसा तुरुंगातील सत्याग्रहींच्या जामिनासाठी गेला.

१९५७ च्या सुरुवातीला तो निवृत्त झाला आणि चॉक फुल ओ'नट्स या कॉफी कंपनीत अधिकारी म्हणून लागला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेसाठी गावोगाव फिरून त्याने निधी गोळा केला. १२ मे १९५८ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी कृष्णवर्णीय नेत्यांच्या सभेत धीर धरण्याचा सल्ला दिला. जॅकी सभेत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कंपनीच्या कागदावर अध्यक्षांना पत्र लिहिले. आम्ही जगातले सर्वात धीराचे लोक आहोत, आणखी किती थांबायचे, असा त्याचा आशय होता. धीर म्हणजे काय हे या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार?

त्याचे सगळेच निर्णय सर्वांना पटले असे नाही. १९६० साली तो निक्सन यांच्या बाजूने प्रचाराला उतरला, पुढे त्याचा भ्रमनिरास झाला. माल्कम एक्स यांच्याशी त्याचा जाहीर वाद झाला. तरुण चळवळ्यांना तो गोऱ्यांचा माणूस वाटे, तर गोऱ्यांना तो फार बोलका वाटे. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारी माणसे बहुधा स्वतःच्या डोक्याने चालत असतात.

आता बँकेविषयी. १९६५ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, १२५ व्या रस्त्यावर, फ्रीडम नॅशनल बँक उघडली. तिच्या संस्थापकांपैकी एक जॅकी होता आणि तोच तिचा अध्यक्ष झाला. हार्लेमचा माणूस इतर बँकांत ठेव ठेवू शके, पण घर किंवा दुकान यांसाठी कर्ज मागायला गेला की दार बंद होई. माझ्या नोकरीतली बरीच वर्षे कर्जविभागात गेली. समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसणारा, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवणारा अर्जदार मी असंख्य वेळा पाहिला आहे. त्याच्याकडे कसब असते, गिऱ्हाईक असते. नसतो तो जामीनदार. आपल्या भाषेत पत हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कर्ज मिळण्याची लायकी म्हणजे पत आणि समाजातला मान म्हणजेही पत. मैदानावर मिळवलेली पत काउंटरवर चालत नसेल, तर ती अपुरी आहे, हे जॅकीने ओळखले होते. बँकेचा संसार सोपा नव्हता. कर्जे थकली, कारभारात बदल करावे लागले, आणि आजारी जॅकीला त्यासाठी झगडावे लागले. बँक १९९० साली बंद पडली. पण तोवर पंचवीस वर्षे हार्लेममधल्या माणसाला अर्ज घेऊन जाण्यासाठी एक हक्काचे दार होते.

खेळाडूंच्या हक्काचा प्रश्न आला तेव्हाही तो मागे राहिला नाही. कर्ट फ्लड या खेळाडूने, मला न विचारता दुसऱ्या संघाला विकायला मी वस्तू नाही, अशी भूमिका घेऊन लीगवर दावा लावला. १९७० साली खटला चालला, तेव्हा खेळत असलेल्यांपैकी कोणीही साक्षीला आले नाही. केस पिकलेला, मधुमेहाने खंगलेला जॅकी मात्र आला. फ्लड १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. पुढच्या पिढीतील खेळाडू मात्र जिंकले.

१९७१ साली थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. व्हिएतनामच्या युद्धात जखमी होऊन परतलेला, व्यसनात अडकून त्यातून बाहेर पडलेला हा मुलगा अवघा चोवीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी जॅकीचे आत्मचरित्र आले. त्यात त्याने लिहिले आहे की राष्ट्रगीताला उभे राहणे आणि झेंड्याला वंदन करणे आता आपल्याला जमत नाही. गोऱ्यांच्या जगात आपण अजून काळाच माणूस आहोत. २०१६ साली कॉलिन केपर्निक हा फुटबॉलपटू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला आणि त्या मोसमानंतर त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. तेव्हा अनेकांना जॅकीची ही कबुली आठवली. ज्यांना ती ठाऊक नव्हती, त्यांना बहुधा फक्त गप्प बसणारा जॅकी ठाऊक होता.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजच्या सामन्यापूर्वी त्याचा सत्कार झाला. त्याच्या पदार्पणाला पंचवीस वर्षे झाली होती. दृष्टी जवळजवळ गेलेली, पाय साथ देत नव्हते. अशा प्रसंगी आभार मानून खाली बसण्याची रीत असते. जॅकीने आभार मानले, आणि मग एखाद्या संघाचा मॅनेजर कृष्णवर्णीय असलेला पाहायला मिळाला तर अधिक आनंद होईल, असेही सांगून टाकले. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. वय होते ५३. १९७५ च्या मोसमात क्लीव्हलँडने फ्रँक रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूकडे संघाची सूत्रे दिली. नावातले साम्य हा योगायोग. हा आनंद पाहायला जॅकी मात्र उरला नव्हता.

दरवर्षी ४२ आकड्याचा सदरा शेकडो खेळाडू अंगावर चढवतात, हे चांगलेच आहे. पण सदऱ्याला तोंड नसते. ज्याचा तो सदरा, त्याला होते, आणि सत्काराच्या दिवशीही त्याने ते मिटून घेतले नाही.