हॅण्डेल आणि त्याचा ‘मेसाया’

नाताळ जवळ आला म्हणजे देशोदेशींच्या मंदिरांतून व संगीतगृहांतून ‘मेसाया’ ही थोर रचना गाइली जाते. तिच्यांतील ‘हालेलूया’ हें समूहगीत आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. तें रचणाऱ्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

जॉर्ज फ्रेडरिक हॅण्डेल याचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ रोजीं जर्मनींतील हाल्ले या गांवीं झाला. त्याचा बाप शस्त्रवैद्य होता. मुलानें कायद्याचा अभ्यास करावा अशी बापाची इच्छा. परंतु मुलाचा ओढा संगीताकडे, आणि अखेर तोच बलवत्तर ठरला. हँबर्ग व इटली येथें आपली कला वाढवून तो लंडनला आला, तेथेंच स्थायिक झाला व १७२७ सालीं ब्रिटिश प्रजाजन बनला. इटालियन भाषेंतील संगीत नाटकांनीं त्याला मोठा लौकिक मिळवून दिला.

पण लौकिक स्थिर नसतो. लोकांची अभिरुचि पालटली, नाटकांना प्रेक्षक मिळेनासे झाले, आणि १७३७ सालीं अर्धांगवायूनें त्याचा उजवा हात लुळा पडला. आखेन येथील उष्णोदकाच्या स्नानांनीं तो बरा झाला खरा, तथापि नाटकांचे दिवस संपले होते. अशा वेळीं चार्ल्स जेनन्स या गृहस्थानें बायबलांतून वेंचलेलीं वचनें त्याच्या हातीं आलीं. १७४१ च्या २२ ऑगस्टला तो लिहावयास बसला आणि १४ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या २४ दिवसांत, ‘मेसाया’ सिद्ध झाला! त्या वेळीं त्याचें वय ५६ वर्षांचें होतें.

पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजीं डब्लिन शहरीं झाला. अधिक श्रोते मावावे म्हणून स्त्रियांनीं झग्याखालील घेरदार सांगाडे व पुरुषांनीं तलवारी घरीं ठेवून यावें, अशी विनंती करण्यांत आली होती. सुमारें ४०० पौंडांचें उत्पन्न दोन रुग्णालयांस व ऋणको कैद्यांच्या मुक्ततेस देण्यांत आलें. त्यामुळें १४२ कैदी तुरुंगांतून सुटले. पुढें लंडनमधील अनाथ बालकांच्या आश्रमासाठीं १७५० पासून दरवर्षीं या रचनेचे प्रयोग होऊं लागले.

उतारवयांत हॅण्डेलची दृष्टि गेली; तरी संगीतसेवा सुटली नाहीं. ६ एप्रिल १७५९ रोजीं तो ‘मेसाया’च्या प्रयोगास हजर होता, आणि आठच दिवसांनीं, १४ एप्रिलला, त्याचें देहावसान झालें. वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याला मूठमाती देण्यांत आली. रचनेची एक प्रत त्यानें मृत्युपत्रान्वयें त्या अनाथाश्रमास दिली होती.

त्याच्या हयातींत ही रचना बहुधा ईस्टरच्या सुमारास गात असत. पहिल्या भागांत ख्रिस्तजन्माचें वर्णन असल्यानें पुढें ती नाताळाची झाली. यंदा ती कानीं पडल्यास, तिनें पहिल्याच दिवशीं कैद्यांच्या बेड्या तोडल्या, हें आमच्या बालवाचकांनीं आठवावें. खचलेल्या माणसाच्या हातूनहि केवढें लोककल्याण घडूं शकतें, याची ही साक्ष आहे, असें आम्हांस वाटतें.